एकाच बोगद्यातल्या दोन टकरी

गेल्या रविवारी भाची खारघरहून ठाण्याला आमच्याकडे आली. अकरावी सायन्सला आहे. पनवेल-ठाणे लोकलमध्ये मोबाइलवर काहीतरी वाचत आली होती, आणि दारात चप्पल काढता काढताच तिने विचारलं, "मावशी, हिग्ज बोसॉन शिसं आपटून सापडला ना?"

नाही. तो मूलभूत कण प्रोटॉनवर प्रोटॉन आदळून सापडला. पण तिचा गोंधळ होणं साहजिक होतं. जिनिव्हाजवळच्या त्या यंत्राची बातमी आपल्याकडे येते तेव्हा सगळं काम 'महास्फोटाचा प्रयोग' या एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं. प्रत्यक्षात सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये दोन अगदी वेगळ्या जातीच्या टकरी घडवल्या जातात. बोगदा तोच, २७ किलोमीटर घेराचा. चुंबकं तीच. आदळायला काय घेतलं, एवढंच बदलतं, आणि त्याबरोबर निसर्गाला विचारलेला प्रश्नच बदलतो. हा फरक कळला नाही तर तिथलं निम्मं काम आपल्याला दिसतच नाही, म्हणून दुपारभर आम्ही त्याच विषयावर बसलो.

आधी प्रोटॉनचं. वर्षातला बहुतेक काळ या यंत्रात प्रोटॉनच फिरतात. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनचं अणुकेंद्र. भाचीला प्रोटॉनचा झोत तसा परका नाही, कारण तिच्या घराजवळ खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगाच्या गाठींवर तोच वापरतात. तिथला प्रोटॉन जास्तीत जास्त २३० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा (कणांची ऊर्जा या एककात मोजतात). सर्नमधला त्याच्या सुमारे तीस हजार पट. समोरासमोरच्या दोन प्रोटॉनची मिळून ऊर्जा २०२२ पासून १३.६ टेरा, म्हणजे १३.६ लाख कोटी, इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. उडत्या डासाची ऊर्जा साधारण एक टेरा इलेक्ट्रॉनव्होल्ट धरतात. म्हणजे आकडा ऐकायला मोठा वाटला तरी एकूण ऊर्जा काही डासांएवढीच. ती किती बारीक जागेत कोंबली आहे, यावर सगळं अवलंबून.

इथे शोध असतो एखाद्या दुर्मीळ कणाचा. हिग्ज बोसॉन साधारण एक अब्ज टकरींतून एकदा तयार होतो. म्हणून टकरी प्रचंड संख्येने लागतात. प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांतून आरपार जातात आणि त्यातून सेकंदाला अब्जाच्या घरात टकरी होतात. खरं तर प्रोटॉनही एकसंध गोळी नाही. त्याच्या पोटात क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन असे आणखी बारीक कण आहेत, आणि कामाची टक्कर होते ती या प्रोटॉनमधल्या एका कणाची त्या प्रोटॉनमधल्या एका कणाशी. बाकीचा पसारा जितका कमी तितकं शोधणाऱ्याला बरं. ४ जुलै २०१२ रोजी ॲटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी हिग्जची घोषणा केली ती अशा टकरी चाळून चाळून. सीएमएसच्या उभारणीत आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेचा आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचा वाटा आहे.

आता शिसं. वर्षाकाठी साधारण महिनाभर, बहुधा शेवटी शेवटी, प्रोटॉन बाजूला ठेवून शिशाची अणुकेंद्रं सोडतात. एका अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, एकूण २०८. (ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतल्या विखंडनाशी याचा संबंध नाही. तिथे संथ न्यूट्रॉनने एक केंद्रक दुभंगतं आणि उष्णता मिळते. इथे ऊर्जा मिळवायची नसून ओतायची असते.)

"मग शिशाची टक्कर जास्त जोरात?" भाचीने विचारलं. इथेच दुसरा गोंधळ होतो. चुंबकाची पकड फक्त प्रभारावर चालते. शिशातल्या १२६ न्यूट्रॉनना प्रभार नाही, त्यांना ८२ प्रोटॉननी ओढून न्यायचं असतं. मी तिला म्हटलं, तूच हिशोब कर. तिने मोबाइलवर १३.६ गुणिले ८२, भागिले २०८ केलं. उत्तर आलं ५.३६. मग मी तिला २०२३ च्या शिशाच्या टकरींचा सर्नचा आकडा दाखवला: दोन्हीकडच्या २०८ पैकी एकेक कण धरला तर दर जोडीमागे ५.३६ टेरा इलेक्ट्रॉनव्होल्ट. ती दोनदा आलटून पालटून बघत राहिली. एवढ्या अवाढव्य यंत्राचा आकडा आपल्या हातातल्या त्रैराशिकातून निघतो, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

थोडक्यात, एकूण ऊर्जा शिशाची कितीतरी जास्त, अकराशे टेरा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे. पण ती २०८ जणांत वाटलेली. नवा जड कण घडवायला एकाच ठिकाणी एकवटलेली ऊर्जा लागते, आणि त्या कामात प्रोटॉन सरस. शिसं घेतात ते वेगळ्याच कारणासाठी. तिथे कोणताही एक कण शोधायचा नसतो. गर्दी झाल्यावर पदार्थ कसा वागतो, ते बघायचं असतं.

आपल्या रोजच्या जगात क्वार्क कधीच एकटा सापडत नाही, तो प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आत कोंडलेला असतो. तापमान दोन लाख कोटी अंशांच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून वर गेलं, की प्रोटॉनच्या भिंतीच उरत नाहीत. क्वार्क आणि ग्लुऑन एकमेकांत मिसळून जातात. याला क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा म्हणतात. विश्वाच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत सगळीकडे हेच होतं. शिशाच्या टकरीत त्याचा अणुकेंद्राएवढा थेंब तयार होतो आणि लगेच निवतो. त्यातून एकेका टकरीत हजारो कण बाहेर पडतात. ॲलिस नावाचा दहा हजार टनांचा डिटेक्टर मुख्यतः याचसाठी बांधला. त्यातलं फोटॉन मोजणारं एक उपकरण भारतीय संस्थांनी मिळून तयार केलं होतं, कोलकात्याचं व्हीईसीसी हे सायक्लोट्रॉन केंद्र त्यात पुढे होतं.

पण क्षणाच्याही अगणित तुकड्यांपैकी एका तुकड्यात संपणारा थेंब बघणार कसा? इथे मी स्वयंपाकघरातून उडदाचे दोन कच्चे पापड आणले.

गोल अणुकेंद्र प्रकाशाच्या वेगाच्या इतक्या जवळ गेलं की जाण्याच्या दिशेने ते हजारो पटींनी चपटं होतं. पापडसुद्धा त्यापुढे जाड. मी दोन्ही पापड एकमेकांवर अर्धवट सरकवून खिडकीच्या काचेला धरले. प्रत्येक पापडातून उजेड पिवळसर येत होता, मिऱ्याचे ठिपके दिसत होते, आणि जिथे एकावर एक आले होते तिथे गडद डोळ्याचा आकार उमटला होता. दोन्ही टोकांना निमुळता, बदामासारखा. टक्कर होते ती फक्त या गडद भागाची. उरलेल्या कडा तशाच पुढे निघून जातात.

आता हा बदाम जर नुसत्या सुट्या कणांचा, एकमेकांशी देणंघेणं नसलेला असता, तर कण सगळ्या बाजूंना सारखेच उडाले असते. पण तो द्रवासारखा असेल तर अरुंद बाजूला दाबाचा उतार तीव्र, म्हणून त्या बाजूने जास्त लोंढा फुटायला हवा. मोजल्यावर नेमकं हेच दिसलं. अमेरिकेत ब्रुकहेवनच्या यंत्रात २००० सालापासून सोन्याची अणुकेंद्रं आदळत होते, तिथल्या प्रयोगांनी २००५ मध्ये जाहीर केलं की हा पदार्थ वायूसारखा नाही, जवळपास घर्षणरहित द्रवासारखा वाहतो. पुस्तकी अंदाज वायूचा होता. हे मला आजही थक्क करतं.

दुसरी खूण समजायला ठाणे स्टेशन पुरेसं आहे. दुपारी तीनला मोकळ्या पुलावर दोघे पाठीला पाठ लावून उलट दिशांना धावत सुटले, तर दोघेही सारख्याच वेळात आपापल्या जिन्याशी पोहोचतात. प्रोटॉनच्या टकरीत असे उलट दिशांचे दोन कणांचे फवारे साधारण सारख्या जोराने निघतात. आता तेच संध्याकाळी सातला, कल्याण स्लो नुकतीच रिकामी झालेली असताना करून बघा. एक जण जिन्याच्या तोंडाशी होता म्हणून सुटला. दुसऱ्याला पूर्ण पूल ओलांडायचा आहे, तो धक्के खात, दमछाक होऊन कसाबसा बाहेर येतो. त्याची गेलेली ताकद गर्दीत विरघळली. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये सर्नमध्ये पहिल्यांदा शिसं आदळलं, आणि काही आठवड्यांतच ॲटलसने असे विषम जोडीचे फवारे दाखवले. एक भरभक्कम, समोरचा मरगळलेला. मध्ये काहीतरी दाट आहे, याचा हा सरळ पुरावा.

शिशाच्या बाबतीत टक्कर हुकली तरी मजा असते. दोन केंद्रकं न शिवता अगदी जवळून गेली, तर त्यांच्या विद्युत क्षेत्राच्या झटक्याने कधीकधी तीन प्रोटॉन बाहेर पडतात. ८२ मधून ३ गेले की ७९, म्हणजे सोनं. ॲलिसच्या हिशोबाने २०१५ ते २०१८ या काळात अशी सुमारे ८६ अब्ज सोन्याची केंद्रकं तयार झाली. वजन सगळं मिळून २९ पिकोग्रॅम, आणि तीही क्षणात भिंतीवर आदळून फुटली.

आतापर्यंत मी दोन टकरी अगदी वेगळ्या करून दाखवल्या, पण ही भिंत पक्की नाही. २०१० मध्येच सीएमएसला प्रोटॉनच्या काही टकरींत, ज्यांतून नेहमीपेक्षा फार जास्त कण निघाले होते, लांबवर पसरलेला सामायिक ओघ दिसला. तो शिशातच दिसायला हवा होता. २०१७ मध्ये ॲलिसने दाखवलं की अशा गजबजलेल्या प्रोटॉन टकरींत 'स्ट्रेंज' या जातीच्या क्वार्कचे कणही वाढतात. तेही गर्दीचंच लक्षण मानलं जायचं. मग थेंब म्हणायला किमान किती कण हवेत? २०८ हवेत की दोन प्रोटॉनही पुरतात? यावर आज खूप काम चाललं आहे, आणि म्हणूनच जुलै २०२५ मध्ये त्या बोगद्यात प्रथमच ऑक्सिजनवर ऑक्सिजन आणि निऑनवर निऑन आदळवलं. सोळा-वीस जणांचा जमाव, प्रोटॉन आणि शिसं यांच्या मधला. त्यातही केंद्रकाच्या आकाराला धरून येणारा प्रवाह सापडला.

भाची उठून स्वयंपाकघरात गेली. डब्यातून साबुदाण्याच्या दोन चिकवड्या घेऊन आली आणि त्या एकमेकींवर सरकवून काचेला धरल्या. "ऑक्सिजन," म्हणाली. एकमेकींवर आलेला भाग नखाएवढाच होता. तिने डोळा बारीक करून बघितलं, मला जवळ बोलावलं, आणि खरंच, तेवढ्यातही तो बदाम गडद दिसत होता.