नागरी हक्क चळवळीचे फलित (अमेरिका)

अमेरिकेतील नागरी हक्क चळवळ म्हणजे साधारणपणे १९५४ ते १९६८ या काळात कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाच्या कायद्यांविरुद्ध आणि मतदानाच्या हक्कासाठी न्यायालयात व रस्त्यावर दिलेला लढा. या लढ्याने काळ्या माणसाच्या पदरात काय पडले, याचे उत्तर खात्यागणिक बदलते. एखादी मनाई उठवून काम भागत होते आणि ती उठवायला केंद्र सरकार कायदा, पैसा किंवा फौज वापरायला तयार होते, तिथे बदल झपाट्याने झाला. पिढ्यान्‌पिढ्या साठलेली घरे, जमीन आणि चांगल्या शाळा यांची वाटणी नव्याने करावी लागली असती, तिथे मात्र चळवळ उंबरठ्यावरच अडली.

१८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व, म्हणजे गोऱ्या-काळ्यांना वेगळ्या पण सारख्या दर्जाच्या सोयी, मान्य केले होते. त्यातले ‘वेगळे’ दक्षिणेत काटेकोरपणे पाळले गेले, ‘समान’ कागदावरच राहिले. अलाबामातील माँटगोमरी शहरात काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून चालकाकडे पैसे द्यायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे, अशी रीत होती. तो मागे पोचण्याआधीच बस सुटली, तर पैसे गेले. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या काळ्या स्त्रीने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि शहरातील काळ्यांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. (त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने हेच केले होते, तिचे नाव बराच काळ मागे पडले.) सुरुवातीच्या मागण्या आज वाचताना फारच माफक वाटतात. चालकांनी नीट बोलावे, काळ्यांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून, जो आधी येईल तसे बसत यावे, काळ्या वस्त्यांच्या मार्गांवर काळे चालक घ्यावेत, इतकेच. तेवढेही नाकारले गेले, प्रकरण कोर्टात गेले आणि १९५६ च्या अखेरीस बसमधला भेदभावच घटनाबाह्य ठरला.

या बहिष्काराची बातमी नागपुरात एका तरुण अमेरिकनाने ‘नागपूर टाइम्स’मध्ये वाचली. जेम्स लॉसन हे १९५३ पासून हिस्लॉप कॉलेजात खेळांचे प्रशिक्षक होते आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करत होते. १९५६ मध्ये परतल्यावर त्यांनी टेनेसीतील नॅशव्हिल येथे विद्यार्थ्यांसाठी अहिंसेचे वर्ग सुरू केले. त्यात रीतसर तालीम चाले: एकाने खुर्चीवर शांत बसायचे, बाकीच्यांनी त्याला शिव्या द्यायच्या, ढकलायचे, अंगावर सिगारेटचा धूर सोडायचा. फेब्रुवारी १९६० मध्ये हीच मुले दुकानांतील जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसली, आणि १० मेपासून शहरातील सहा दुकाने काळ्यांना वाढू लागली. कोर्टाची वाट न पाहता, गिऱ्हाइकी तोडून मिळवलेला हा विजय होता.

२ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले, थिएटरे, उपाहारगृहे सर्वांना खुली केली आणि नोकरीतील भेदभाव बेकायदा ठरवला. या कायद्याचे सर्वांत परिणामकारक कलम मात्र भाषणांत क्वचितच येते. भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा मिळणार नाही, असे ते कलम. १९६६ मध्ये वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ हा सरकारी आरोग्य विमा सुरू झाला आणि दक्षिणेतील रुग्णालयांपुढे सरळ हिशेब उभा राहिला: वेगळे वॉर्ड ठेवा किंवा बिले वसूल करा. काळ्या रुग्णांना तळघरातल्या वॉर्डात ठेवणाऱ्या रुग्णालयांनीही काही महिन्यांत खाटा एकत्र आणल्या. कापड गिरण्यांतही असेच घडले. साउथ कॅरोलायनात १९१५ च्या कायद्याने गोऱ्या-काळ्या कामगारांना एका खोलीत काम करायला बंदी होती, त्यामुळे काळ्यांच्या वाट्याला आवारातली हमाली आणि झाडलोट येई. १९६५ नंतर ते यंत्रांवर दिसू लागले. काळ्या स्त्रियांना तर घरकामाखेरीज पगाराचे नवे दार उघडले.

मतदानाचा हक्क हे चळवळीचे सर्वांत ठोस यश. पंधराव्या घटनादुरुस्तीने तो १८७० मध्येच दिला होता. अडवणूक नोंदणीच्या खिडकीवर होई. अलाबामातील सेल्मा शहर ज्या डॅलस काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे तिथे मतदानाच्या वयाचे सुमारे पंधरा हजार काळे होते आणि यादीत नावे जेमतेम तीन-साडेतीनशे. नोंदणी कचेरी महिन्यातून दोनच दिवस उघडे, वर साक्षरता चाचणी, आणि उत्तर बरोबर की चूक हे कारकून ठरवणार. ७ मार्च १९६५ रोजी एडमंड पेटस पुलावर मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपले, ते देशाने टीव्हीवर पाहिले आणि ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. मिसिसिपीत काळ्यांची मतदार नोंदणी त्यापूर्वी ७ टक्क्यांच्या आत होती. १९६७ मध्ये ती ६० टक्क्यांच्या जवळ पोचली. सेल्मात लाठ्या चालवणाऱ्या दलाचा शेरीफ (काउंटीचा निवडून आलेला पोलीस प्रमुख) जिम क्लार्क १९६६ ची निवडणूक हरला. एका मताची किंमत इतक्या लवकर वसूल झाल्याची उदाहरणे थोडीच. देशभरातील काळ्या लोकप्रतिनिधींची संख्या १९७० मध्ये दीड हजाराच्या आत होती, २००० मध्ये ती नऊ हजारांवर गेली. हे यशही अभेद्य नाही. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी निवडणूक नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी, ही तरतूद शेल्बी काउंटी खटल्याच्या २०१३ च्या निकालाने निकामी झाली आणि त्याच दिवशी टेक्सासने ओळखपत्राचा कडक नियम लागू करत असल्याचे जाहीर केले.

शाळांची कथा उलटसुलट आहे. काळे वकील थरगुड मार्शल यांनी लढवलेल्या ब्राउन खटल्यात १७ मे १९५४ रोजी वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या, पण दहा वर्षांनीही दक्षिणेतील काळ्या मुलांपैकी सुमारे दोनच टक्के गोऱ्यांबरोबर शिकत होती. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर एकत्र शाळा नकोत म्हणून १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, काळ्या मुलांची वर्षे गेली ती गेलीच. अनुदान तोडण्याचा धाक आणि कोर्टाचे नवे निकाल यांमुळे १९७० च्या आसपास दक्षिणेतील शाळा खऱ्या अर्थाने मिसळल्या. त्यातही एक किंमत होती. काळ्यांच्या शाळा बंद झाल्या तेव्हा तिथले हजारो काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक नोकरीला मुकले. पुढे १९७४ च्या मिलिकन खटल्यात डेट्रॉइट शहर आणि त्याची गोरी उपनगरे यांच्या शाळा एकत्र करण्यास न्यायालयाने नकार दिला. उपनगरात घर घेणे हाच मग गोऱ्या पालकांचा सोपा मार्ग ठरला.

घर हाच खरा अडसर. उत्तरेत वेगळ्या बाकांचे कायदे नव्हते, पण काळ्या वस्त्यांना गृहकर्ज मिळत नसे आणि गोऱ्या वस्तीत घर मिळत नसे. १९६६ मध्ये शिकागोत मोर्चा काढताना मार्टिन लूथर किंग यांना दगड लागला. गृहनिर्माणातील भेदभावाविरुद्धचा कायदा ११ एप्रिल १९६८ रोजी, किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात झाला खरा, पण त्याच्या अंमलबजावणीला १९८८ च्या दुरुस्तीपर्यंत दात नव्हते. आज काळ्या कुटुंबांपैकी ४५ टक्क्यांच्या आसपास स्वतःच्या घरात राहतात, गोऱ्यांत हे प्रमाण सत्तरीच्या वर आहे. दारिद्र्य पुष्कळ घटले: १९५९ मध्ये ५५ टक्के काळे दारिद्र्यरेषेखाली होते, २०१९ मध्ये १९ टक्क्यांच्या आत. संपत्तीत मात्र दरी कायम आहे. २०२२ मध्ये संपत्तीच्या क्रमात बरोबर मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची मत्ता २ लाख ८५ हजार डॉलर होती, तशाच काळ्या कुटुंबाची ४४ हजार ९००. भर म्हणून १९७० नंतर तुरुंग भरू लागले. राज्य व केंद्राच्या तुरुंगांतील कैदी दोन लाखांवरून २००९ पर्यंत सोळा लाखांवर गेले आणि त्यांत काळ्यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक राहिले.

चळवळीचा लाभ इतरांनाही झाला. नोकरीतील भेदभावाच्या कलमात स्त्रियांचा समावेश होता. देशवार कोटा रद्द करणारा १९६५ चा स्थलांतर कायदाही त्याच वातावरणात झाला. न्यू जर्सीत गणपती बसवणाऱ्या मराठी मंडळींचे व्हिसा त्याच कायद्याच्या वाटेने आले, हे सहसा कोणाच्या लक्षात नसते. मुंबईत १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतले ते मात्र ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाचे, म्हणजे नागरी हक्क कायद्यांवर समाधान न मानणाऱ्या प्रवाहाचे.

कायदे झाल्यावर काय उरले, ते टेनेसीतील मेम्फिस शहरात दिसले. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोशाला कचरागाडीत शिरलेले दोन काळे सफाई कामगार यंत्रात चिरडून मेले. सुमारे १,३०० कामगार संपावर गेले, गळ्यात ‘मी माणूस आहे’ अशा पाट्या. संपाच्या समितीचे प्रमुख नागपूरहून परतलेले तेच लॉसन. त्यांनीच किंगना बोलावले. काउंटरवर बसायचा हक्क मिळाला, पण हॅम्बर्गर विकत घ्यायला पैसे नसतील तर काय उपयोग, असे किंग तिथे बोलले. ४ एप्रिलला त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला शहराने युनियन मान्य केली आणि पगारवाढ दिली. शहराचे निवृत्तिवेतन मात्र या कामगारांना नव्हते. २०१७ मध्ये मेम्फिसने हयात असलेल्या संपकऱ्यांना प्रत्येकी ५० हजार डॉलर देण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांतले काहीजण म्हातारपणीही कचऱ्याच्या गाडीवर कामाला जात होते.