डोळ्यातलं इन्फेक्शन रक्ताच्या रिपोर्टवरून का ठरत नाही

डोळा लाल झाला की आपण सरळ म्हणतो डोळे आले, आणि बहुतेक वेळा असतंही तेच, चिपडं येतात, खुपतं, काही दिवसांत जातं. पण कधी कधी चिपडं अजिबात नसतात, लाली बुबुळाच्या कडेनं गोल धरते, उजेड सहन होत नाही, आतून ठणकतं आणि नजर धूसर होते. हे प्रकरण वेगळं आहे, याला युव्हिआयटिस म्हणतात, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराला आलेली सूज. ती मागच्या भागात असेल तर लालीही नसते, दुखतही नाही, फक्त डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगतात आणि दिसणं कमी होतं, म्हणून माणूस अंगावर काढतो.

ही सूज कधी जंतूमुळे येते तर कधी जंतू नसताना शरीराची इम्युनिटीच बिथरते म्हणून येते, आणि दोन्हींच्या उपचारात फार फरक आहे. इम्युनिटी बिथरली असेल तर स्टेरॉइडनं आराम पडतो, पण आत हर्पिसचा व्हायरस किंवा टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असेल आणि जोडीला त्याचं औषध न देता नुसतं स्टेरॉइड दिलं, तर त्याला मोकळं रान मिळतं. म्हणून जंतू आहे की नाही हे आधी ठरवावं लागतं.

वाटतं की ज्याची इम्युनिटी ठणठणीत आहे त्याच्यात हे ओळखणं सोपं जात असेल, पण बरेचदा उलटंच होतं. एचआयव्ही किंवा ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये जंतू भरमसाट वाढलेला असतो, त्यामुळे तो टेस्टमध्ये सापडतो तरी. निरोगी माणसात शरीर त्याला पटकन दाबून टाकतं, जंतू उरतो थोडासा आणि सूज मात्र मोठी, मग ती सूज बघून कारण सांगणं अवघड जातं.

मग रक्त तपासू म्हणाल तर तिथेही अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालच्या सुमारे ६४ टक्के लोकांना हर्पिसचा पहिला प्रकार होऊन गेलेला असतो, टॉक्सोप्लाझ्माचंही प्रमाण मोठं आहे. रक्तात आयजीजी, म्हणजे त्या जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेल्या अँटिबॉडीज, पॉझिटिव्ह आलं म्हणजे एवढंच कळतं की हा जंतू आयुष्यात कधीतरी भेटला होता, आजची डोळ्याची सूज त्याचीच आहे असं नाही. टीबीच्या मांटू टेस्टचंही तेच, ती पॉझिटिव्ह आली म्हणून डोळ्यात टीबीच आहे असं म्हणता येत नाही. निगेटिव्ह रिपोर्टचा मात्र चांगला उपयोग होतो, टॉक्सोप्लाझ्माचं आयजीजी खरंच निगेटिव्ह असेल तर ते कारण बरंचसं बाजूला पडतं.

म्हणून चांगला डॉक्टर आधी नीट बघतो. स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्राच्या बारीक उजेडात डोळ्याच्या आतल्या, पुढच्या भागातल्या पाण्यात सुजेच्या पेशी तरंगताना दिसतात, अगदी कवडशात धूळ दिसावी तशा. मग प्रेशर. साधारणपणे सुजेत डोळ्याचं प्रेशर उतरतं कारण पाणी तयार करणारा भागच सुजलेला असतो, पण हर्पिस कुळातले व्हायरस ते बऱ्याचदा चढवतात, त्यामुळे सूज थोडी आणि प्रेशर खूप असं दिसलं की संशय तिकडे जातो. बुबुळाचा एखादाच पट्टा झिजलेला दिसला तरी तसंच. नागीणही याच कुळातल्या व्हायरसची, ती कपाळावर उठली असेल तर नाकाच्या शेंड्याकडेही बघतात, कारण तिथली आणि डोळ्याच्या आतली नस एकाच फांदीची, शेंड्यावर फोड असले तर डोळ्याला धोका जास्त. आणि बाहुली मोठी करायचं औषध घालून मागचा पडदा पाहायलाच हवा, समोरून साधी वाटणारी सूज मागून भलतीच निघू शकते.

एवढं करून शंका राहिली तर डोळ्याच्या आतलंच पाणी काढतात, अश्रू नव्हे. ऐकून धस्स होतं, पण डोळा बधिर करून अगदी बारीक सुईनं ०.१ ते ०.२ मिली एवढंच काढायचं असतं. त्यावर पीसीआर करून जंतूचा डीएनए शोधतात. दिवस उलटले की डीएनए सापडेनासा होतो, निरोगी माणसाच्या टॉक्सोप्लाझ्मात तर हे फार होतं, मग अँटिबॉडीज बघायच्या. पण सुजेमुळे रक्तातल्या अँटिबॉडीज डोळ्यात झिरपतात, मग या तिथल्या की पाहुण्या? यासाठी गोल्डमन आणि विटमर यांच्या नावाचं एक गुणोत्तर आहे, त्यात एकूण अँटिबॉडीजपैकी त्या जंतूविरुद्धच्या किती, हे डोळ्यात आणि रक्तात वेगवेगळं मोजून तुलना करतात, डोळ्यातलं प्रमाण तिप्पट-चौपट भरलं तर त्या डोळ्यातच बनतायत असं धरतात.

रक्त आणि डोळा किती वेगळं बोलू शकतात याचं मोठं उदाहरण म्हणजे इबोलाच्या पेशंटवर उपचार करणारे डॉ. इयान क्रोझियर. २०१४ मध्ये त्यांना इबोला झाला, त्यातून ते वाचले, रक्त साफ झालं, आणि नंतर काही आठवड्यांनी डोळ्याला जबरदस्त सूज आली. डोळ्यातलं पाणी तपासलं तर त्यात जिवंत इबोला व्हायरस! अश्रूंमध्ये मात्र काहीच नव्हतं.

काही वेळा रिपोर्टची वाट बघायलाही वेळ नसतो. अक्यूट रेटिनल नेक्रोसिस म्हणून एक आजार आहे, तो एरवी धडधाकट असलेल्यांनाही होतो, कांजिण्या-नागिणीचा किंवा हर्पिसचा व्हायरस पडदा कडेपासून जाळत आत येतो, पडदा सुटू शकतो, दुसराही डोळा जाऊ शकतो. तिथे संशय आला की पाणी तपासायला पाठवून व्हायरसचं औषध लगेच सुरू करतात.

आणि सिफिलीस, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारा आजार, ज्याबद्दल बोलायला सगळेच कचरतात. तो डोळ्यात कुठल्याही रूपात दिसू शकतो म्हणून ही टेस्ट जवळपास प्रत्येक युव्हिआयटिसमध्ये करतात, डॉक्टरनं लिहून दिली तर तुमच्या चारित्र्यावर शंका घेतली असं कृपया समजू नका, न लाजता करा, कारण तो निघाला तर पेनिसिलिननं बरा होतो आणि लवकर कळला तर नजरही बऱ्याचदा परत येते.