चरे पडले आणि चेंडू उडाला

1902 साल. लिव्हरपूलजवळच्या हॉयलेक गावी गोल्फची ओपन चॅम्पियनशिप चालली होती. सँडी हर्ड हा स्कॉटिश खेळाडू सगळे 72 होल, म्हणजे चेंडू घालवायचे खड्डे, एकाच चेंडूवर खेळला. शेवटी शेवटी त्या नव्या, हॅस्केल नावाच्या चेंडूचं कव्हर फाटलं होतं आणि आत गुंडाळलेला रबराचा दोरा बाहेर डोकावत होता. गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो. हर्ड 307 फटक्यांत जिंकला. हॅरी व्हार्डन आणि जेम्स ब्रेड हे त्या काळचे दोन दादा खेळाडू 308 वर अडकले. एका फटक्याचा फरक! पुढच्या काळात जुन्या पद्धतीचा भरीव चेंडू मैदानातून दिसेनासा झाला.

ओपन ही गोल्फमधली सगळ्यात जुनी मोठी स्पर्धा. तिच्या विजेत्यांच्या याद्या पुष्कळ ठिकाणी मिळतात. मला मात्र तिचा इतिहास चेंडूच्या अंगाने वाचायला आवडतो, कारण हवेतून वस्तू कशी जाते याचा एक मोठा धडा या खेळाडूंनी पुस्तक उघडण्याआधी हाताने शिकून घेतला होता.

पहिली ओपन 17 ऑक्टोबर 1860 रोजी स्कॉटलंडच्या प्रेस्टविकला झाली. खेळाडू फक्त आठ. 12 होलचं मैदान, त्याच्या तीन फेऱ्या, सगळं एका दिवसात. विली पार्क 174 फटक्यांत जिंकला, टॉम मॉरिस 176 वर दुसरा आला. बक्षीस म्हणून लाल चामड्याचा, चांदीच्या बक्कलचा पट्टा होता. पुढे या टॉमच्या मुलाने, तरुण टॉमने, 1868 ते 1870 अशी लागोपाठ तीन वर्षं स्पर्धा जिंकली आणि नियमाप्रमाणे पट्टा कायमचा घरी नेला. 1871 ला द्यायला बक्षीसच उरलं नाही, म्हणून स्पर्धाही झाली नाही. आज विजेत्याला मिळणारा, क्लॅरेट जग नावाचा चांदीचा चषक त्यानंतर आला.

थोरला टॉम प्रेस्टविकला आला त्यामागेही चेंडूच होता. सेंट अँड्र्यूजला तो अ‍ॅलन रॉबर्टसनच्या हाताखाली पिसांचे चेंडू बनवायचा. ते काम फार किचकट. चामड्याचे तुकडे भिजवून शिवायचे, बारीक फट ठेवून पिशवी उलटी करायची आणि उकळलेली हंसाची पिसं तिच्यात ठासून भरायची. एका चेंडूत उंच हॅट भरेल इतकी पिसं जात. वाळताना पिसं फुगत, चामडं आकसे आणि चेंडू दगडासारखा टणक होई. कुशल कारागिराचे दिवसाला तीन-चार चेंडू व्हायचे. पावसात भिजला की तो जड व्हायचा, शिवण उसवायची.

1848 च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. मलायातल्या झाडांचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो आणि गार झाला की कडक. 1870 साली समुद्राखालून मुंबईला पोचलेल्या तारेवर याच गटापर्चाचं आवरण होतं आणि आजही रूट कॅनाल केल्यावर डॉक्टर दाताच्या मुळात हेच भरतात. या चेंडूसाठी ना शिवण लागे ना पिसं. त्यामुळे तो खूप स्वस्त पडे. रॉबर्टसनला यात धंद्याचं मरण दिसलं. टॉम त्या चेंडूने खेळला, दोघांचं बिनसलं आणि 1851 मध्ये टॉमने प्रेस्टविक गाठलं.

पण हा नवा, गुळगुळीत चेंडू नीट उडेना. थोडा वर चढून मध्येच डुबकी मारायचा. गंमत अशी की गोल्फच्या काठीच्या माराने अंगावर चरे पडलेला जुना चेंडू मात्र छान लांब जायचा. खेळाडूंच्या हे लक्षात आलं. मग नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम खाचा पाडायला सुरुवात झाली. ओबडधोबड चेंडू गुळगुळीत चेंडूपेक्षा लांब जावा, हे आजही ऐकायला उलटंच वाटतं!

उत्तर दडलंय चेंडूला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थरात. गुळगुळीत चेंडूवर हा थर शांतपणे सरकतो, पण त्याचा जोर लवकर संपतो. चेंडूच्या बगलेपाशीच तो सुटतो आणि मागे घुसळणाऱ्या हवेचा रुंद पट्टा तयार होतो. तिथला दाब कमी, म्हणून चेंडू मागे ओढला जातो. पृष्ठभाग खडबडीत असला की थरात खळबळ माजते, बाहेरची वेगवान हवा आत मिसळते आणि थर चेंडूच्या पाठीपर्यंत चिकटून राहतो. मागचा पट्टा अरुंद होतो, हवेची ओढ जवळपास निम्म्यावर येते. लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने या थराची कल्पना 1904 मध्ये मांडली. तोवर खेळाडूंच्या हातोड्या अर्धशतक चालल्या होत्या. क्रिकेटचा चेंडू स्विंग होतो तोही याच थरामुळे. तिथे शिवणीमुळे चेंडूच्या दोन बाजूंना थर वेगवेगळ्या ठिकाणी सुटतो.

दुसरा उलगडा केला एडिनबरा विद्यापीठाच्या पीटर गथ्री टेट यांनी. हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक गोल्फचे निस्सीम वेडे. त्यांचा मुलगा फ्रेडी 1896 आणि 1897 च्या ओपनमध्ये हौशी खेळाडू असूनही तिसरा आला होता. टेटनी चेंडूला लांब फीत बांधली, तिचं दुसरं टोक जमिनीला पक्कं केलं आणि चेंडू ओल्या चिकणमातीच्या भिंतीवर हाणला. मग फितीला पडलेले पीळ मोजले. मला हा प्रयोग फार आवडतो. कॅमेरा नाही, यंत्र नाही, नुसती फीत. तिच्यावरून कळलं की चांगला फटका चेंडूला उलटी फिरकी देतो. अशा चेंडूचा वरचा भाग समोरून येणाऱ्या हवेबरोबर मागे फिरतो, हवेला खाली वळवतो आणि त्या बदल्यात स्वतः वर उचलला जातो. म्हणूनच चेंडू इतका वेळ हवेत तरंगतो. फ्रेडी 1900 साली बोअर युद्धात मारला गेला आणि पुढच्याच वर्षी टेटही गेले.

चेंडूवरच्या खळ्या 1905 च्या. हॅस्केल चेंडूवर तेव्हा रासबेरीसारखे उंचवटे असत. लेस्टरमध्ये भिंगं बनवणाऱ्या विल्यम टेलरने ते उलटे केले, म्हणजे उंचवट्यांच्या जागी खळगे घेतले आणि पेटंट काढलं.

मापाचा वाद पुढे बरीच वर्षं चालला. ब्रिटिश चेंडू 41.15 मिमी व्यासाचा, अमेरिकन 42.67 मिमीचा. वजन दोन्हींचं जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम. दीड मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण मोठ्या चेंडूचं हवेला सामोरं जाणारं क्षेत्रफळ सुमारे साडेसात टक्के जास्त भरतं आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात ते लगेच जाणवतं. 1974 च्या ओपनपासून मोठा चेंडू सक्तीचा झाला. ती स्पर्धा रॉयल लिदमला गॅरी प्लेअरने जिंकली.

2023 च्या जुलैत ओपन पुन्हा हॉयलेकला होती. शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला. ओपनमध्ये त्याआधी कुठलाही भारतीय इतका वर पोचला नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नियम करणाऱ्या संस्थांनी चेंडूची चाचणी कडक केल्याचं जाहीर केलं. पल्ल्याची मर्यादा तीच ठेवली, पण यंत्राने मारायच्या फटक्याचा वेग ताशी 120 मैलांवरून 125 मैलांवर नेला. नियम लागू झाला की सगळ्यात लांब मारणाऱ्यांचा फटका 13 ते 15 यार्डांनी आखूड होईल, असा त्यांचा हिशोब आहे.