नोटीस पिरियडची पार्श्वभूमी: मुदत दोघांना, भार एकावर

नोकरी सोडणाऱ्याने किती दिवस थांबायचे आणि काढल्या जाणाऱ्याला किती दिवस आधी सांगायचे, हा प्रश्न नेमणूकपत्रात सहसा एका वाक्यात मिटवलेला असतो: कोणत्याही पक्षाला अमुक दिवसांची लेखी नोटीस देऊन सेवा संपवता येईल. वाक्य समतोल दिसते. त्याचा माग काढत गेले की पावणेसातशे वर्षे मागे जावे लागते, आणि तिथे समतोल सापडत नाही.

1348 मध्ये प्लेग इंग्लंडमध्ये पोहोचला आणि लोकसंख्येचा मोठा हिस्सा त्यात गेला. काम करणारे हात कमी झाले, मजुरी चढू लागली, आणि मजूर जास्त देणाऱ्याकडे निघून जाऊ लागले. त्याला आळा घालण्यासाठी 1349 चा राजादेश आणि 1351 चा मजूर कायदा आला. मजुरी साथीपूर्वीच्या दरांना बांधली गेली आणि ठरलेली मुदत संपण्याआधी काम सोडणाऱ्याला तुरुंग दाखवला गेला. म्हणजे मुदतीचा नियम जन्माला आला तो कामगाराला धरून ठेवण्यासाठी. अचानक बेकार होणाऱ्याला सावरण्याचा विचार त्यात फारसा नव्हता.

तो विचार थोडाफार दिसतो 1563 च्या कारागीर कायद्यात. अनेक धंद्यांत नेमणूक वर्षाच्या बोलीने करायची आणि वर्षअखेरीस वेगळे व्हायचे असेल तर तीन महिने आधी सांगायचे, असे त्यात ठरले. हे बंधन मालकावरही होते. पण मोडल्याचे परिणाम पाहा. योग्य कारणाशिवाय मुदतीआधी काढणाऱ्या मालकाला 40 शिलिंग दंड. मुदतीआधी निघून जाणाऱ्या नोकराला कैद. शिवाय आधीच्या मालकाकडून रीतसर मोकळा झाल्याचा दाखला दाखवल्याशिवाय नोकराला दुसरीकडे ठेवून घ्यायचे नाही, आणि तसे ठेवून घेणाऱ्या मालकालाही दंड. फ्रान्समध्ये 1803 पासून कामगाराच्या वहीने हेच केले. वही मालकाकडे राहायची आणि देणे फिटल्याची नोंद होऊन ती परत मिळेपर्यंत दुसरे काम धरणे अवघड व्हायचे. ही वही 1890 मध्ये कायमची रद्द झाली. आज रिलिव्हिंग लेटर अडवून ठेवल्याच्या तक्रारी ऐकताना मला हा जुना दाखला आठवल्यावाचून राहत नाही.

वार्षिक बोलीमागे एक न्याय्य कल्पनाही होती, आणि ती नोंदवायला हवी. 1765 मध्ये विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने लिहिले की मुदत ठरवली नसेल तर नेमणूक वर्षभराची मानावी. काम असो वा नसो, सगळ्या ऋतूंत नोकराने सेवा करावी आणि मालकाने त्याला पोसावे. सुगीपुरते राबवून हिवाळ्यात बाहेर काढणे यामुळे अयोग्य ठरत होते. मुदतीने कोणाचे काय वाचते, याचा इतका सरळ विचार त्यानंतर बराच काळ मागे पडला.

कारण एकोणिसावे शतक कारखान्यांचे होते. ब्रिटनच्या 1823 च्या मालक-नोकर कायद्याने करार मोडणाऱ्या कामगाराला तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली. मालकाने करार मोडला तर तो फक्त पैशांचा दिवाणी वाद. हा कायदा कागदावर पडून नव्हता. 1858 ते 1875 या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याखाली वर्षाला सरासरी सुमारे 10,000 खटले भरले गेले. 1867 च्या दुरुस्तीने धार थोडी कमी झाली आणि 1875 मध्ये नोकरी सोडणे हा गुन्हा उरला नाही. वसाहतींत मात्र तीच हत्यारे अजून चालत होती. भारतात 1859 चा कामगार करारभंग कायदा उचल घेऊन काम सोडणाऱ्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभा करत असे, काम पुरे करण्याचा हुकूम मिळत असे आणि तो न पाळल्यास तुरुंग. मळे आणि कंत्राटदारांनी त्याचा सढळ वापर केला. तो रद्द झाला 1925 मध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या सुधारणेनंतर 50 वर्षांनी.

अमेरिकेने मुदतच काढून टाकण्याची वाट धरली. 1877 मध्ये होरेस वुड यांनी आपल्या ग्रंथात मांडले की कालावधी न ठरवता केलेली नेमणूक दोघांच्या मर्जीवर चालते. 1884 मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने सबळ कारणाने, विनाकारण, अगदी नैतिकदृष्ट्या चुकीच्या कारणानेही काढण्याची मुभा मालकाला दिली. 1908 च्या अडेर खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला समानतेची भाषा जोडली: कामगाराला सोडायचा जितका हक्क, तितकाच मालकाला काढायचा. रेल्वे कामगार आणि रेल्वे कंपनी यांना एका मापाने मोजणारी ही समानता मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत फसवी गोष्ट वाटते. एक माणूस गेला तर कंपनीचे काही काम खोळंबते. कंपनीने काढले तर त्या माणसाचे घरभाडे, मुलांची फी आणि औषधपाणी त्याच महिन्यात अडते. आजही तिथे राजीनाम्यानंतर दोन आठवडे थांबायचे ते रिवाज म्हणून. बहुतेकांवर कायद्याची तशी सक्ती नाही.

हा फरक कायद्याने पहिल्यांदा नीट ओळखला तो युरोपात. जर्मनीत 9 जुलै 1926 च्या कायद्याने पाच वर्षे सेवा झालेल्या पगारदार कर्मचाऱ्याला तीन महिने आधी सांगणे बंधनकारक केले आणि 12 वर्षे झालेल्याला सहा महिने. ही वाढीव मुदत फक्त मालकाने द्यायची होती. सोडणाऱ्याच्या गळ्यात ती घातली नाही. डेन्मार्कने 1938 च्या पगारदार कर्मचारी कायद्यात हेच केले: मालकाची नोटीस सेवेनुसार सहा महिन्यांपर्यंत चढते, कर्मचाऱ्याची सहसा एकच महिना राहते. ब्रिटनमध्ये 1963 च्या कायद्याने दोन वर्षे सेवेला दोन आठवडे आणि पाच वर्षांना चार आठवडे अशी मालकाची किमान नोटीस ठरवली, तर कामगाराला एक आठवडा पुरेसा मानला. जितकी वर्षे एका जागी गेली, तितके दुसरी जागा शोधणे कठीण होते, हे या पायऱ्यांमागचे कारण. सोडणाऱ्याची जागा भरायला मालकाला लागणारा वेळ त्या हिशेबाने वाढत नाही.

जर्मनीतली गोष्ट इथे संपत नाही. कारखान्यातल्या कामगाराला दोन आठवडे आणि कार्यालयातल्याला तिमाहीअखेरपर्यंत सहा आठवडे, हा भेद तिथे 1990 पर्यंत टिकला. त्या वर्षी घटना न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरवला आणि 1993 मध्ये सर्वांसाठी एक नियम आला: मूळ मुदत चार आठवडे, 20 वर्षांच्या सेवेनंतर मालकाकडून सात महिने. त्याच कलमात एक छोटी तरतूद आहे, जी सगळीकडे असावी असे मला मनापासून वाटते: करारात कर्मचाऱ्याची नोटीस मालकाच्या नोटिशीपेक्षा लांब ठेवता येत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1982 च्या 158 क्रमांकाच्या करारात वाजवी मुदत किंवा तिच्याऐवजी भरपाई हा काढल्या जाणाऱ्याचा हक्क मानला. गंभीर गैरवर्तनाचा अपवाद ठेवला. भारत, ब्रिटन आणि अमेरिकेने या करारावर संमती दिलेली नाही. मोठ्या कपातीसाठी अमेरिकेने 1988 मध्ये वेगळा कायदा केला: 100 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने 60 दिवस आधी सांगायचे. पण ‘किंवा भरपाई’ या दोन शब्दांत मोठी फट आहे. मार्च 2022 मध्ये पी अँड ओ फेरीज या कंपनीने 786 खलाशांना पूर्वसूचना न देता, ध्वनिचित्रफितीवरच्या निरोपाने काढले. संघटनांशी सल्लामसलत न करून आपण कायदा मोडला, हे तिच्या प्रमुखांनी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे मान्य केले आणि भरपाई देऊ असे सांगितले. पैसे मोजण्याची तयारी असेल तर मुदत विकत घेता येते, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

भारतात 1953 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात घातलेल्या कलमाने वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला कपातीपूर्वी एक महिन्याची कारणासह नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई दिली. 1976 मध्ये मोठ्या कारखान्यांसाठी तीन महिने आणि सरकारची पूर्वपरवानगी आली. व्यवस्थापकीय काम करणारे या संरक्षणाबाहेर राहिले, त्यांचे भवितव्य करारातल्या वाक्यावर. त्याच वाक्यावर 1986 मध्ये ब्रोजोनाथ गांगुली खटला उभा राहिला. सरकारी जलवाहतूक महामंडळाच्या नियमात दोन्ही बाजूंना तीन महिन्यांच्या नोटिशीने सेवा संपवण्याची मुभा होती. अधिकार दोघांना सारखाच आहे, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाला पटला नाही. सौदा करण्याची ताकदच असमान असेल तर असे कलम सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असे म्हणत न्यायालयाने महामंडळाचा कायम कर्मचाऱ्याला काढण्याचा तो अधिकार रद्द केला. निकाल राज्यघटनेच्या समानतेच्या कलमावरही टेकलेला होता, त्यामुळे खासगी कंपनीतल्या माणसाला त्याचा थेट आधार मिळत नाही.

आणि खासगी करारांतच आता उलटी वाढ झाली आहे. कुशल पगारदारांची नोटीस 60 किंवा 90 दिवसांवर गेली, कारण कंपन्यांना गळती थोपवायची होती. काढताना कंपनी तेवढ्या दिवसांचा पगार देऊन त्याच संध्याकाळी संगणकाचा प्रवेश बंद करू शकते. सोडणाऱ्याने पैसे भरून लवकर मोकळे व्हायचे तर अनेक करारांत ते कंपनीच्या संमतीवर असते. न्यायालये कोणालाही जबरदस्तीने कामावर बसवत नाहीत, तरी अडलेला दाखला आणि अडलेला हिशेब पुरेसा धाक घालतो. नवा मालक तीन महिने थांबायला तयार नसतो, म्हणून चांगली संधी हातची जाते. अशा करारांत सोडणाऱ्याच्या नोटिशीवर कमाल मर्यादा घालणारे कलम भारताच्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही नाही.