'व्लाद' म्हणजे रक्तपिपासू नव्हे

रोमानियातलं 'व्लाद' हे नाव ऐकलं की लोक थेट ड्रॅक्युलावर जातात, आणि नावाचा अर्थच 'सुळावर चढवणारा' असल्याचं सांगतात. हे चूक आहे. व्लाद हे मूळ स्लाव्हिक नाव. त्यात 'सत्ता, राज्य करणे' हा अर्थ आहे. व्लादिमीर, व्लादिस्लाव ही त्याचीच भावंडं.

मग सूळ कुठून आला? १५व्या शतकात वालाखियाचा (आजच्या रोमानियाचा एक भाग) राजा व्लाद तिसरा शत्रूंना सुळावर देत असे. 'त्सेपेश', म्हणजे सुळावर देणारा, हे त्याला नंतर चिकटलेलं टोपणनाव. 'ड्रॅक्युला' या त्याच्या दुसऱ्या नावाचा उगम तर अगदीच वेगळा. त्याचे वडील व्लाद दुसरे १४३१ मध्ये हंगेरीचा राजा सिगिस्मुंडच्या 'ड्रॅगन' सरदारसंघात सामील झाले, म्हणून ते 'ड्राकुल' आणि मुलगा 'ड्राकुलचा'. आजच्या रोमानियनमध्ये 'द्राक' म्हणजे सैतान, त्यामुळे गोंधळ वाढला. रक्त पिणं मात्र १८९७च्या 'ड्रॅक्युला' या इंग्रजी कादंबरीतलं.

याच राजाचा सावत्र भाऊ, व्लाद चौथा, गादीवर येण्याआधी मठात साधू होता! आणि रोमानियाच्या फुटबॉल संघाचा कर्णधार राहिलेला व्लाद किरिकेश हाही त्याच नावाचा. एका राजाच्या क्रौर्यापायी इतक्या साध्या, जुन्या नावाला बदनाम करणं मला अन्यायाचं वाटतं.