नाव खोडलं नव्हतं, चिठ्ठीच छापली नव्हती

‘१८६० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अमेरिकेतल्या दक्षिणेच्या दहा राज्यांनी गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या अब्राहम लिंकन या उमेदवाराचं नाव सरकारी मतपत्रिकेवरून काढून टाकलं, तरी तो निवडून आला.’ हा मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. निकाल खरा आहे, पण मधली गोष्ट तशी नाही.

मुळात तेव्हा तिथे सरकारी मतपत्रिकाच नव्हती. सगळे उमेदवार एका कागदावर ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की असा समज होणं साहजिक आहे. पण तिथे ती १८८८ नंतर, ऑस्ट्रेलियाचं पाहून रुजली. त्याआधी बहुतेक ठिकाणी पक्षच आपापल्या चिठ्ठ्या छापून वाटत आणि मतदार त्यातली एक पेटीत टाके. दक्षिणेत लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाच्या चिठ्ठ्या छापणार कोण, वाटणार कोण? जिवाची भीती होती. त्यामुळे बंदीचा हुकूम काढायची गरजच पडली नाही. दहांपैकी साउथ कॅरोलायनात तर जनतेचं मतदानच नव्हतं. निर्वाचक, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, तिथलं विधिमंडळच निवडे. दक्षिणेतल्याच, पण या दहांत नसलेल्या व्हर्जिनियात मात्र लिंकनला सुमारे १,९०० मतं पडली.

पडताळायचं असेल तर ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहात त्या काळची चिठ्ठी मोठी करून बघा. लांबट, अरुंद कागद, वर उमेदवारांची नावं, खाली निर्वाचकांची यादी. सगळी एकाच पक्षाची. खूण करायला चौकट नाही, विरोधकाचं नाव नाही. मग खोडणार कुठून?