फुप्फुस-कर्करोग प्रतिबंधक औषधांचे जैवसूचक

कर्करोगाची गाठ दिसण्याच्या कितीतरी आधी श्वासनलिकेच्या अस्तरात होणारे, मोजता येणारे बदल म्हणजे जैवसूचक. औषधाने कर्करोग टळतो का, हे पाहायला हजारो माणसे आणि अनेक वर्षे लागतात. म्हणून पहिली पारख अशा खुणेवर, बहुधा सहा महिन्यांत करतात.

सर्वांत रुळलेली खूण केआय-६७, म्हणजे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशीच्या केंद्रकातले प्रथिन. ब्रॉन्कोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, औषधाआधी ठरावीक जागांचे, साधारण सहा, तुकडे घेतात. नंतर पुन्हा त्याच जागांचे. तुकडा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. नागपूरच्या मे महिन्यात तो गॉजवर ठेवला तर पाहता पाहता सुकतो आणि पेशी आक्रसतात. चिमट्यातून तो थेट १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये जावा आणि तिथे ६ ते ७२ तास राहावा. मग चार मायक्रॉनचे काप करून रंगवतात आणि रंगलेल्या केंद्रकांचा शेकडा काढतात. काप तिरपा गेला की तळच्या थरातल्या पेशी जास्त दिसतात आणि आकडा फुगतो. असा काप बादच करावा. रुग्ण औषधाच्या गटात आहे की प्लासिबोच्या (औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीच्या), हे मोजणाऱ्याला कळता कामा नये.

खरी अडचण तंबाखूची आहे. बिडी सुटली की औषधाशिवायही अस्तर सुधारते. १९९४च्या आयसोट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या जातीचे औषध) चाचणीत स्क्वॅमस मेटाप्लेझिया, म्हणजे अस्तराच्या पेशी बदलून चपट्या होणे, औषधाच्या आणि प्लासिबोच्या, दोन्ही गटांत जवळपास सारखाच उतरला. फरक पडला तो धूम्रपान सोडणाऱ्यांत. म्हणून प्रत्येक भेटीत धूम्रपान तपासावे लागते, आणि विदर्भात तिथेच घोळ होतो. लघवीतले कोटिनीन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) खर्‍र्यानेही वाढते. पन्नीत घोटलेला खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण) खाणारा, बिडी सोडलेला माणूस त्या तपासणीत धूम्रपान करणाराच ठरतो. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड खर्‍र्याने वाढत नाही, पण तो काही तासांतच उतरतो, शिवाय चुलीच्या धुराने वाढतो. दोन्ही चाचण्या करून खर्ऱ्याच्या पुड्यांचा हिशेब वेगळा विचारणे, हाच मार्ग. क्षयरोग वा जुनाट खोकला असेल तर सूजही केआय-६७ वाढवते. थुंकीची तपासणी आधी हवी.

बायोप्सीत लहानशी डिस्प्लेझिया (कर्करोगाआधीच्या बिघडलेल्या पेशींची जागा) अख्खीच निघून येते. पुढच्या वेळी ती जागा ‘बरी’ दिसते. प्लासिबो गटाविना हा भास ओळखता येत नाही.

सूचक सुधारला म्हणजे कर्करोग टळला, असेही नाही. रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असलेल्यांत हा कर्करोग कमी आढळे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम दिल्यावर रक्तातली पातळी चढली, पण कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला.

शिवाय या खुणा मोठ्या नलिकांतल्या, म्हणजे मुख्यतः स्क्वॅमस (चपट्या पेशींच्या) कर्करोगाच्या. ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथीसारख्या पेशींचा कर्करोग) बहुधा फुप्फुसाच्या कडेला उगवतो. तिथवर चिमटा सहसा पोचत नाही, त्यामुळे सीटी स्कॅनवरील छोट्या गाठींचा आकार मोजावा लागतो.